पोटात ठरणं

दुपारी पाऊण वाजता फोन आला. तिकडे सव्वाआठ झाले होते. रात्रपाळी उरकून ती बसथांब्यावर उभी होती आणि आवाज रडवेला होता. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, त्याआधी सहा वर्षं मिरजेत सर्जिकल वॉर्ड सांभाळलेली मुलगी. आता उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात नर्स आहे. “मॅडम, मला इंग्लिश येतच नाही,” एवढंच ती आधी म्हणाली.

झालं होतं ते असं. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी पाळीच्या सुरुवातीलाच तिला सांगितलं, “आय कुडन्ट कीप मी टी डाऊन, लव्ह.” हिला शब्द सगळे ओळखीचे, ‘मी’ म्हणजे तिकडचं ‘माय’ हेसुद्धा. कीप म्हणजे ठेवणं, डाऊन म्हणजे खाली, टी म्हणजे चहा. आजींना कप खाली ठेवता येत नाहीये असं समजून तिने खाटेवरचं सरकतं टेबल त्यांच्याजवळ ओढलं आणि कप घ्यायला हात पुढे केला. आजींच्या हातात कप नव्हताच. कागदी वाडगं होतं, उलटीचं. ‘टी’ म्हणजे त्या भागात संध्याकाळचं जेवण, आणि ते जेवण आजींच्या पोटात राहिलं नव्हतं. आजी रागावल्या नाहीत, उलट त्यांनीच हिचा हात थोपटला. हिला लागून राहिलं ते वेगळंच. जेवणानंतर दिलेल्या गोळ्याही उलटून पडल्या का, हे विचारायला तिला दहा मिनिटं उशीर झाला होता.

मी तिला विचारलं, “तुझी आजी काय म्हणायची गं, खाल्लेलं सगळं बाहेर पडायला लागलं की?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पोटात काही ठरत नाही, म्हणायची.”

“मग त्या आजी वेगळं काय म्हणाल्या?”

पलीकडून फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. तिला कळलं होतं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सगळीकडून माणसं इथे बरी व्हायला येतात आणि घराघरात कोणीतरी वॉर्डात, लॅबमध्ये नाहीतर औषधांच्या दुकानात असतं. माझा संध्याकाळचा वर्ग आहे तो परदेशी निघालेल्या नर्सेसचा. ओईटी नावाची परीक्षा त्या देतात, खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची. तिच्यात पेशंट आणि परिचारिका किंवा डॉक्टर यांचं बोलणं ऐकून टिपणं काढायची असतात. मुली हुशार असतात. हायपरटेन्शन, इन्फ्लमेशन, पोस्टऑपरेटिव्ह, सगळं झोपेत विचारलं तरी सांगतील. त्यांची गाडी अडते ती पुट, गेट, कम, गो, अप, ऑफ, आऊट अशा दोन ते चार अक्षरांच्या शब्दांपाशी. पहिलीदुसरीत शिकलेले हे शब्द जोडीने आले की अनोळखी होतात. पुट ऑफ, पुट आऊट, पुट अप विथ. ह्यांनाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात.

बाजारात त्यांची पुस्तकं मिळतात. पाचशे फ्रेजल व्हर्ब, वर्णानुक्रमाने, समोर मराठी अर्थ. सुरुवातीची तीन वर्षं मीही याद्याच शिकवल्या. रोज दहा. मुली पाठ करून यायच्या, दहापैकी दहा मिळवायच्या आणि आठवड्याने सगळं पुसलं जायचं. एकदा एका मुलीने विचारलं होतं, “मॅडम, गिव्ह अपमध्ये वर काय जातं?” मी तिला म्हटलं, “तसंच असतं, पाठ कर.” त्या उत्तराचं मला आजही वाईट वाटतं. तिचा प्रश्न त्या अख्ख्या पुस्तकापेक्षा चांगला होता.

त्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते भलतीकडेच. मिरजेत सतारी आणि तंबोरे तयार होतात, ते घ्यायला देशोदेशीची माणसं येतात. अशीच आलेली एक परदेशी बाई दोन महिने इथे राहून थोडं मराठीही शिकत होती. एके दिवशी आम्ही दोघी दुकानात असताना कारागीर कपाटाची किल्ली शोधत म्हणाले, “कुठे ठेवली कोण जाणे, विसरूनच बसलो.” बाईंनी बाहेर आल्यावर मला विचारलं, ते तर उभे होते, मग ‘बसलो’ का म्हणाले?

मी रस्त्यातच थांबले. पन्नास वर्षं मी मराठी बोलते आहे आणि हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. विसरून बसणं, हरवून बसणं, पैसे घालवून बसणं, नको ते बोलून बसणं. ह्यात कोणीही बसलेलं नसतं. पण नीट पाहिलं तर बसलेलं असतंही. हातचं काहीतरी गेल्यावर माणूस मटकन खाली बसतो, डोक्याला हात लावतो. त्या बसण्याचं चित्र क्रियापदातून पुसट झालं, पण त्यातली हळहळ तेवढी शिल्लक राहिली. ‘विसरलो’मध्ये नुसती माहिती आहे. ‘विसरून बसलो’मध्ये पश्चात्ताप आहे.

शाळेत ह्याला संयुक्त क्रियापद म्हणतात. ‘मुले खेळू लागली’ हे उदाहरण पाठ असतं, धातुसाधित आणि सहायक क्रियापद ओळखा म्हणून एक गुण मिळतो आणि विषय संपतो. पण दिवसभराचं आपलं बोलणं ऐका. खा म्हटलं की नुसतं खा. खाऊन टाक म्हणजे ताटात ठेवू नकोस, संपव. खाऊन घे म्हणजे पुढे वेळ मिळणार नाही, तुझ्या जिवासाठी दोन घास आत्ताच पोटात घाल. खाऊन बघ म्हणजे चव तरी घे. घरातून निघालेल्या मुलाला आई कधीच नुसतं ‘खा’ म्हणत नाही. ‘खाऊन घे’ म्हणते, आणि त्या ‘घे’मध्ये तिचा सगळा जीव असतो. बोलचंही तसंच. बोलून टाक म्हणजे मनात साठवू नकोस. बोलून घे म्हणजे समोरच्याशी एकदा मोकळेपणाने ठरव. बोलून दाखव ह्याला आव्हानाचा वास आहे. बोलून बसलो म्हणजे आता तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. मुख्य क्रिया एकच, मागून येणारा शब्द तिचा रंग बदलतो. सतारीला मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात, त्यांना नखीचा सहसा स्पर्शही होत नाही, पण वरचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात आणि सतार सतारीसारखी वाजते. मागून येणाऱ्या ह्या शब्दांचं काम मला तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात यादीचं पुस्तक आणलंच नाही. ईट अप म्हणजे काय विचारलं. ‘खाऊन टाक,’ असं तिसऱ्या बाकावरून आलं, अगदी सहज. गिव्ह अवे? ‘देऊन टाक.’ ब्लर्ट आऊट? ‘बोलून बसले!’ रन ऑफ? ‘पळत सुटला.’ ज्या गोष्टीला आपण परकी समजून घाबरत होतो ती आपल्या तोंडात जन्मापासून आहे. इंग्रज मागे दिशा जोडतो, वर, खाली, बाहेर, दूर. आपण मागे दुसरी कृती जोडतो, टाकणं, घेणं, बसणं, सुटणं.

मग ‘अप’चा अर्थ पुरं करणं असा का होतो? ह्यासाठी मी मुलींना नळाखाली लावलेली कळशी आठवायला सांगते. नळ सोडला की आधी तळाशी घुमणारा जाड आवाज येतो. पाणी चढत जातं तसा तो बारीक होत वर वर सरकतो आणि शेवटी गळ्याशी आला की आपण स्वयंपाकघरात पाठमोऱ्या असलो तरी पळत येऊन नळ बंद करतो. वर येणं म्हणजे भरणं, भरणं म्हणजे पुरं होणं. फिल अपमध्ये पाणी खरंच वर येतं. त्याच्यावरून ड्रिंक अप, यूज अप, फिनिश अप, टेअर अप. आता काहीच वर जात नाही, कागद फाडताना तर उलट खालीच पडतो, पण कळशी भरल्याची भावना उरते. आपल्या ‘बसणं’ची जी कहाणी तीच ‘अप’ची.

गिव्ह अपमध्ये वर काय जातं, हेही आता सांगता येतं. त्याचा जुना अर्थ हवाली करणं, ताब्यात देणं असा. किल्ला वरचढ माणसाच्या हाती सोपवायचा. सोपवून दिलं की आपला हक्क संपला, तिथून प्रयत्न सोडणं हा अर्थ आला. आपण मात्र अशा वेळी हात टेकतो. तोच पराभव इंग्रज वर उचलून देतो आणि आपण जमिनीला टेकवतो. मला हे फार सुंदर वाटतं. हा प्रश्न विचारणारी मुलगी आज कुठे आहे हे मला माहीत नाही, नाहीतर तिला फोन करून सांगितलं असतं.

आणि दिशादर्शक शब्दांनी क्रियापद फिरवण्याची युक्ती आपल्याला नवी आहे असंही नाही. ती आपल्या आजीच्या आजीची आहे. संस्कृतात हृ हा धातू घ्या. हरण करणं, नेणं. त्याच्या आधी आ लावला की आहार, वि लावला की विहार, प्र लावला की प्रहार, सं लावला की संहार, परि लावला की परिहार. जेवण, फिरणं, मारणं आणि नाश करणं ही एकाच धातूची लेकरं, उपसर्ग तेवढे वेगळे. एखाद्या हॉटेलच्या पाटीवर ‘उपहारगृह’ लिहिलेलं दिसलं की आम्हा शिक्षकांना चुकल्यासारखं होतं, कारण हवा असतो तो उपाहार. उपहार म्हणजे भेटवस्तू, उपाहार म्हणजे फराळ. मधला एक आ गळला की बटाटेवड्याची भेटवस्तू होते.

वेदांच्या भाषेत तर हे उपसर्ग क्रियापदाला नेहमी चिकटलेले नसत. ते त्याच्यापासून लांब, मध्ये दुसरे शब्द घेऊन उभे राहू शकत, कधी क्रियापदाच्या मागेही येत. पाणिनीने त्यासाठी वेगळी सूत्रं केली आहेत. पुढे संस्कृतात ते कायमचे धातूला जोडले गेले. इंग्रजीत उलटं झालं. जुन्या इंग्रजीत असे शब्द बरेचदा क्रियापदाच्या पुढे जोडून येत, नंतरच्या शतकांत ते सुटून मागे गेले. म्हणून आज ‘टर्न ऑफ द लाइट’ म्हणा नाहीतर ‘टर्न द लाइट ऑफ’, दोन्ही चालतं. पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसवावं लागतं. टर्न इट ऑफ. मुलींना हा नियम जाचतो. मी म्हणते, ‘खाऊन टाक’च्या मध्ये काय काय बसतं ते सांगा. खाऊनच टाक. खाऊन तरी टाक. खाऊनही टाकलं. आपल्याकडेही मध्ये बसायची परवानगी आहे ती अशाच हलक्या, एका श्वासात मावणाऱ्या शब्दांना.

ह्या शब्दांनी परक्यांना छळलं आहे ते आजचं नाही. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये निघाला. परभाषकांना सर्वात मोठी अडचण येते ती क्रियापदांमागे लागणाऱ्या ह्या लहान शब्दांची, म्हणून आपण त्यांची नोंद फार काळजीने केली आहे, असं त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं. पण ह्या जोड्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापून आलं ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकात. ते नाव ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं असं स्मिथ यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे कोशात नोंद झाल्यावर पुरी १७० वर्षं ही माणसं बिननावाने नांदत होती. घरात रोज वापरायच्या वस्तूला कुणी नाव देत नाही, तसं.

आपल्याला इंग्रजी भेटलं ते घरातून नव्हे, पुस्तकातून आणि कचेरीतून. आमच्या आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकली आणि पक्कं शिकली. पण शिकलेलं सगळं अर्जात, निकालपत्रात, वर्तमानपत्रात चालणारं. इंग्लंडमध्ये १०६६ नंतर राजदरबाराची भाषा फ्रेंच झाली, देवळा-मठाची लॅटिन तर आधीपासूनच होती. तिथून आलेले लांब, वजनदार शब्द कायद्यात आणि ग्रंथांत स्थिरावले, आणि आखूड देशी शब्द चुलीपाशी, गोठ्यात, आजारपणात राहिले. आपण आधी भेटलो ते दरबाराला. म्हणून माझ्या मुली ‘टॉलरेट’ म्हणतात, ‘पोस्टपोन’ म्हणतात, ‘व्हॉमिट’ म्हणतात. चूक काहीच नाही. पण वेदना होत असताना कुणी दरबारी बोलत नाही. आपल्याकडचा पेशंट ‘मला वमन झालं’ म्हणतो का?

तो काय म्हणतो, हे मी वर्गात फळ्यावर लिहवून घेते. तोंड आलंय. डोळे आलेत. अंग मोडून आलंय. कंबर धरलीय. अंगावर पुरळ उठलंय. कफ सुटत नाही. मराठी नसलेल्या नर्सला हे शब्दकोशातून लावायला सांगा. तोंड कुठून आलं? कमरेला कोणी धरलं? मग त्याच्या शेजारी इंग्रजी लिहायचं. पुरळ उठलं, ब्रेक आऊट. कफ सुटून बाहेर पडला, ब्रिंग अप. भूल उतरली, वेअर ऑफ. सूज उतरली, गो डाऊन. शुद्धीवर आला, कम राऊंड. दोन्ही बाजूंना शरीर बोलतं ते हालचालीत बोलतं. काहीतरी उठतं, सुटतं, उतरतं, भरून येतं.

एक शब्द मात्र मी पहिल्याच दिवशी काढून टाकायला लावते. आपल्याकडे सगळे ‘पास आऊट’ होतात. ‘मी २०१६ ची पासआऊट,’ असं प्रत्येक बायोडेटात असतं. आमच्या एका मुलीने व्हिडिओवरच्या मुलाखतीत हेच सांगितलं आणि समोरच्या बाईंनी काळजीने विचारलं, तेव्हा काय होत होतं तुम्हाला? तिकडे सर्वसाधारण बोलण्यात पास आऊट म्हणजे बेशुद्ध पडणं. नर्सने ‘क्वालिफाइड’ म्हणायचं. आणि पास आऊटच्या जागी पास अवे गेलं तर नातेवाइकांच्या पायाखालची जमीन सरकेल. एक ‘आऊट’, एक ‘अवे’. मध्ये अख्खं आयुष्य.

मृत्यूबद्दल तर मराठीने ह्या इंग्रजी तुकड्यांतला एक उचलून स्वतःचा केला आहे. ‘वडील मागच्या वर्षी ऑफ झाले,’ हे आमच्याकडे गावोगाव ऐकू येतं. इंग्लंडमध्ये कोणी असं म्हणत नाही. दिवा ऑफ होतो तसं माणूस, एवढं साधं. पूर्वी मला तो शब्द खटकायचा. आता खटकत नाही. वारले, गेले, निवर्तले, देवाघरी गेले असे इतके शब्द असूनही ज्यांना तो प्रसंग तोंडाने उच्चारवत नव्हता त्यांनी परक्या भाषेतला एक हलका तुकडा पुढे केला, इतकंच मला त्यात दिसतं. चेकअप, फॉलोअप, पिकअप, ब्रेकडाऊन हेही असेच आले, पण ते नाम होऊन. क्रियापदाचं काम आपण आपल्याच ‘करणं’कडे आणि ‘होणं’कडे ठेवलं.

त्या फोननंतर मी तिला एकच काम सांगितलं होतं. पुस्तक बंद कर. पेशंट जे बोलतील ते कानावर पडेल तसं एका वहीत लिही आणि शेजारी तुझी आजी काय म्हणाली असती ते लिही. सुरुवातीला तिची तक्रार होती की सगळ्यांना जोडी मिळत नाही. मी म्हटलं, नसेल तर जागा कोरी सोड.

गेल्या आठवड्यात तिने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. निळ्या पेनाने डावीकडे देवनागरीत इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये सरळ रेघ. ‘आय कान्ट कीप इट डाऊन’ सर्वात वर, त्याच्याभोवती चौकट. खाली ‘माय अँकल्स हॅव पफ्ड अप, पाय भरून आलेत.’ ‘आयम वोर्न आऊट, गळून गेलेय.’ ‘इट कम्स अँड गोज, कळ येऊन येऊन जाते.’ ‘आय कान्ट शेक इट ऑफ’ ह्याच्यासमोर तिने आधी काहीतरी लिहून खोडलं होतं आणि मग लिहिलं होतं, ‘खोकला पाठ सोडत नाही.’ चार-पाच जागा कोऱ्या होत्या. शेवटची नोंद त्याच आजींची असावी, कारण पुढे ‘लव्ह’ होतं. ‘आय मस्ट हॅव ड्रॉप्ड ऑफ, लव्ह.’ आणि समोर, ‘डोळा लागला वाटतं गं.’

फोटोखाली एक ओळ होती. “मॅडम, आत्ताच रूमवर आले, आता झोपून घेते.”